फियॉर्डात जहाज पहाटे शिरतं

नॉर्वेच्या बाजूला जाणाऱ्या जहाजांवर मी सोळा उन्हाळे काढले. कॅप्टनच्या शेजारी नव्हे, तर पाचव्या डेकवर, किनाऱ्यावरच्या सहलींची तिकिटं देणाऱ्या काउंटरमागे. त्यामुळे जहाज कसं चालवतात हे मला विचारू नका. माणसं जहाजावर कशावर पैसे घालवतात आणि नंतर कशाबद्दल हळहळतात, हे मात्र मी रोज ऐकलं आहे. मागच्या अंकात फियॉर्डांच्या, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यांच्या, सफरीबद्दल प्रश्न मागवले होते. बरीच पत्रं एकाच वळणाची होती, ती एकत्र केली आहेत. दोन पत्रं नुसती भांडायला लिहिलेली होती, त्यांतलं एक छापते आहे.

प्रश्न: ताई, आम्ही दोघं नुकतेच निवृत्त झालो. एका सफरीत सात रात्री आणि नॉर्वेची चार बंदरं आहेत. दुसरीत बारा रात्री, नऊ बंदरं आणि वर नॉर्डकापचं उत्तर टोक. दिवसाचा हिशेब केला तर दुसरी स्वस्त पडते. कुठली घ्यावी?

उत्तर: बंदरं मोजू नका, तास मोजा. दोन्ही पत्रकं समोर ठेवा आणि प्रत्येक बंदरापुढे बारीक अक्षरांत छापलेल्या आगमनाच्या आणि प्रस्थानाच्या वेळा वाचा. तुम्ही पैसे मोजता ते या वेळांचे. फ्लोमला जहाज सकाळी ८ ते दुपारी २ थांबणार असेल तर तिथली डोंगरातली रेल्वे किंवा नॅरॉयफियॉर्डातली बोट, दोन्हींपैकी एकच पदरात पडेल. संध्याकाळी ६ पर्यंत थांबणार असेल तर दोन्ही होतात आणि मध्ये बाकावर बसून वॉफल खायलाही वेळ उरतो.

फ्लोमची रेल्वे मी मुद्दाम काढली, कारण सर्वांत जास्त प्रश्न तिच्याबद्दल येत. समुद्राच्या काठावरून ती २० किलोमीटरांत साडेआठशे मीटरच्या वर चढते. १९४० साली सुरू झाली. वाटेत २० बोगदे आहेत आणि च्योसफोसेन या धबधब्यापाशी गाडी फोटोसाठी थांबते. वर मिरदालला पोचायला तासाच्या आसपास लागतो, परतायला तितकाच. तिकिटं उन्हाळ्यात आधीच संपतात. त्या दिवशी तीन जहाजं उभी असतील तर गाडीत माणसावर माणूस असतो. आणि नॅरॉयफियॉर्ड? तो सुमारे १७ किलोमीटर लांब, अगदी चिंचोळ्या जागी जेमतेम २५० मीटर रुंद. तुमचं मोठं जहाज त्यात जातच नाही. फ्लोमहून गुडवांगेनपर्यंत विजेवर चालणारी बोट जाते, दोनेक तास. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे धबधब्यांचा ऐकू येतो. दोन्हींपैकी एकच जमत असेल तर मी बोट घेईन. माझ्या काउंटरवर हे उघड बोलायची सोय नव्हती, आता आहे.

आता पत्रकात कुठेच न छापलेली गोष्ट. ‘गाइरांगर, आगमन ८.००’ असं लिहिलेलं असतं. गाइरांगर हे गाव उघड्या समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत आहे. म्हणजे तुम्ही झोपेत असताना, पहाटे तीन-चारलाच जहाज बेटांमधून आत वळलेलं असतं. शेवटचे पंधरा किलोमीटर म्हणजे खरा गाइरांगरफियॉर्ड. तो सकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान येतो आणि त्या वेळी बहुतेक मंडळी न्याहारीच्या रांगेत ऑम्लेट होण्याची वाट पाहत असतात. जूनमध्ये तिथं चारच्या सुमारास चांगलं उजाडतं. पाचला उठा, असतील नसतील तेवढे कपडे चढवा आणि पुढच्या उघड्या डेकवर जा. डोंगर हळूहळू जवळ येत जातात, मग अचानक इतके जवळ येतात की कड्यावरच्या ओसाड शेतघराच्या खिडक्या मोजता येतात. जहाज इतकं जवळून जाऊ शकतं, कारण हे कडे पाण्याखालीही तसेच सरळ उतरतात. हिमनद्यांनी दरी समुद्रसपाटीच्या खालपर्यंत खरवडली, बर्फ वितळलं आणि समुद्र आत आला. सोग्नेफियॉर्ड २०० किलोमीटरहून लांब आहे आणि आत १,३०० मीटरपर्यंत खोल. मुखाशी मात्र तो उथळ आहे, कारण समुद्राजवळ हिमनदी पसरट होऊन तिचा जोर ओसरला. बशीसारखी कड राहिली.

तर मूळ प्रश्न. पहिल्या खेपेला सात रात्री घ्या, पण दोन अटींवर. चार बंदरांत गाइरांगर आणि सोग्नेफियॉर्डाच्या फाट्यावरचं एखादं गाव (फ्लोम चालेल) असलं पाहिजे, आणि तिथं दिवसभर थांबा हवा. नॉर्डकापसाठी वर जायचं तर मध्ये समुद्रातच दिवसच्या दिवस जातात. तो ३०७ मीटर उंचीचा कडा आहे. वर पोचल्यावर ढगातही उभं राहावं लागतं, हे मी सोळा उन्हाळ्यांत पुष्कळदा ऐकलं. ज्यांना मध्यरात्रीचा सूर्य बघायचाच आहे त्यांनी जरूर जावं. स्वस्त पडतं म्हणून जाऊ नये.

प्रश्न: बाल्कनीची केबिन घ्यावी, असं मंडळी म्हणतात. मला वाटतं आतली, खिडकीशिवायची घ्यावी आणि पैसे वाचवावेत. फियॉर्डांसाठी बाल्कनी लागतेच का?

उत्तर: बाल्कनीतून अर्धाच फियॉर्ड दिसतो. गाइरांगरमध्ये आत शिरताना ‘सात बहिणी’ हा धबधबा डावीकडे येतो आणि त्याच्या समोर, उजवीकडे, ‘मागणी घालणारा’. गोष्ट अशी सांगतात, की त्यानं सातही जणींना मागणी घातली, सातही जणींनी नकार दिला, आणि मग त्यानं बाटली जवळ केली. धबधब्याच्या मधल्या खडकात बाटलीचा आकार दिसतो म्हणे. मला कधी नीट दिसला नाही. मुद्दा असा, की बाल्कनीत बसलात तर एकतर बहिणी दिसतील किंवा तो. डेकवर दोघंही दिसतात आणि डेक सर्वांना फुकट असतो.

गुडघे दुखत असतील, थंडी सोसत नसेल किंवा घरात कुणाला गर्दी नको असेल, तर बाल्कनी सार्थकी लागते. तुमच्या पत्रावरून वाटतं की मंडळींना ती हवी आहे आणि तुम्हाला माझ्याकडून दाखला हवा आहे. तो मिळणार नाही. घेऊन टाका.

पैसे वाचवायचे असतील तर बुकिंग करतानाच विचारा की रोजचा सेवाशुल्काचा आकडा भाड्यात धरला आहे का. पुष्कळ जहाजांवर तो माणशी रोज खात्यात चढत जातो आणि शेवटच्या रात्री दाराखालून सरकवलेल्या बिलात भेटतो.

प्रश्न: माझी आई ७४ वर्षांची आहे. चालते, पण जिन्यांचा त्रास होतो. तिला नेता येईल का? आणि ‘टेंडर बंदर’ म्हणजे काय?

उत्तर: नेता येईल, फक्त बंदरं पारखून घ्या. काही ठिकाणी मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते पाण्यात उभं राहतं आणि छोट्या बोटींतून, म्हणजे टेंडरांतून, माणसं किनाऱ्याला नेतात. जहाजातून बोटीत पाय टाकताना बोट वर-खाली होत असते. खलाशी दंड धरतात, पण तो एक पाऊल टाकायचा क्षण स्वतःचाच असतो. गाइरांगर असं बंदर आहे. तिथं लांब पसरणारा तरंगता धक्काही आहे, पण एका वेळी सगळ्या जहाजांना तो मिळत नाही. बर्गन, ओलेसुंड, स्टावांगर आणि फ्लोम इथं जहाज सरळ धक्क्याला लागतं.

ओलेसुंडला सगळे तुम्हाला आक्सला टेकडीवर जा म्हणतील. ४१८ पायऱ्या आहेत. आईसाठी बस वरपर्यंत जाते, तेच दृश्य दिसतं. गाइरांगरमध्ये धबधब्याच्या कडेनं ३२७ पायऱ्यांची वाट आहे, ती सोडा आणि ‘गरुडवाटे’ची बस पकडा. अकरा वळणांनंतर वरच्या सज्जातून जहाज खेळण्यासारखं दिसतं. स्टावांगरला जुन्या गावाच्या गल्ल्यांत गोटे बसवलेले आहेत, तिथं काठी घ्या. आणि एक दिवस, निदान एक, तिला जहाजावरच राहू द्या. सगळे खाली उतरल्यावर जहाज रिकामं होतं, हवी ती खुर्ची मिळते आणि समोरचा डोंगर कुठे जात नाही.

प्रश्न: डोंगर आणि पाणी बघून दोन दिवसांत कंटाळा येईल, अशी मला भीती आहे. मला इतिहासात रस आहे. बंदरगावांत बघण्यासारखं काय आहे? बर्गनचं सगळे नाव घेतात, पण फोटोत तर रंगीत लाकडी घरांची एक रांग दिसते.

उत्तर: तुमच्यासारख्या माणसाचं पत्र आलं की मला बरं वाटतं, कारण काउंटरवर येणारे नव्वद टक्के लोक त्या रांगेसमोर फोटो काढून परतायचे. रांगेच्या आत जायचं असतं. दोन घरांच्या मधल्या लाकडी बोळात शिरा. आत अंधार, डांबराचा वास, कललेले मजले, वर माल चढवायच्या कप्प्या. हे ब्रिग्गेन. शब्दाचा अर्थ नुसता ‘धक्का’. सुमारे १३६० मध्ये जर्मन व्यापाऱ्यांच्या हान्सा संघानं इथं आपली कचेरी थाटली आणि पुढची जवळजवळ चारशे वर्षं ती चालवली.

व्यापार कशाचा? वाळवलेल्या कॉड माशाचा. उत्तरेला लोफोटेन बेटांवर हिवाळ्याच्या शेवटी मासा पकडायचा आणि मीठ न लावता लाकडी मांडवांवर टांगायचा. तिथली थंडी शून्याच्या आसपास रेंगाळते. मासा सडत नाही आणि पुरता गोठतही नाही, फक्त लाकडासारखा कडक होतो. असा मासा वर्षानुवर्षं टिकतो. उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य असलेल्या युरोपला तो हवाच होता. नॉर्वेकडे धान्य तोकडं, ते जर्मनीतल्या ल्युबेककडून यायचं. मासा खाली, धान्य वर. अख्खं बर्गन या दोन पारड्यांत तोललेलं होतं.

आता या लाकडी घरांत राहणारे व्यापारी आणि उमेदवार पोरं बर्गनच्या हिवाळ्यात विस्तवाशिवाय राहायची. आगीच्या भीतीनं घरांत चूल, शेकोटी, काहीही पेटवायला बंदी. स्वयंपाक आणि ऊब दोन्हींसाठी मागच्या बाजूला वेगळी सामायिक दालनं होती. तिथं जेवायचं, अंग शेकायचं आणि रात्री गार बिछान्यात परतायचं. बायकांना त्या वसाहतीत जागाच नव्हती. एवढं करूनही आग लागायची ती लागलीच. १७०२ मध्ये जवळजवळ सगळं जळलं. नंतर लोकांनी जुन्याच आराखड्यावर, जुन्याच पद्धतीनं पुन्हा बांधलं, म्हणून आज दिसतं ते मध्ययुगाचं रूप आणि अठराव्या शतकाचं लाकूड. १९५५ साली परत एक भाग जळाला. तेव्हा मात्र राखेखाली उत्खनन झालं आणि लाकडाच्या पट्ट्यांवर कोरलेले रूनी या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतले मजकूर निघाले. त्यांत मालावर लावायच्या मालकांच्या नावाच्या चिठ्ठ्या आहेत, निरोप आहेत, घरी परत ये म्हणून सांगणारी एक ओळही आहे. ब्रिग्गेन संग्रहालय त्या जागेवरच उभं आहे. तुम्हाला दोनच तास मिळाले तर तिथं घालवा आणि केबलवरच्या रेल्वेनं फ्लोयेन डोंगरावर जायचा बेत दुसऱ्या कुणाला द्या. १९७९ पासून ब्रिग्गेन युनेस्कोच्या वारसा यादीत आहे.

ओलेसुंडची गोष्ट याच्या उलटी. २३ जानेवारी १९०४ च्या रात्री गावाला आग लागली, वारा सोसाट्याचा, घरं सगळी लाकडाची. सकाळपर्यंत सुमारे दहा हजार माणसं उघड्यावर आली आणि मेलं मात्र एकच माणूस. जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म दरवर्षी या किनाऱ्यावर सुटीला यायचा. त्यानं मदतीची जहाजं पाठवली. तीन-चार वर्षांत गाव विटा-दगडांनी नव्यानं उभं राहिलं. ज्या शैलीची तेव्हा चलती होती त्याच शैलीत, म्हणजे आर्ट नूवो. म्हणून मनोरे, वेलबुट्ट्या आणि ड्रॅगनांची तोंडं असलेलं एक अख्खं गाव एकाच वयाचं आहे. मान वर करून चाला, खाली दुकानंच आहेत.

स्टावांगरला पांढऱ्या लाकडी घरांचं जुनं गाव धक्क्याच्या अगदी डोक्यावर आहे. तिथं सार्डिनचे डबे भरायच्या कारखान्याचं संग्रहालय आहे. ते चुकवू नका. तेल सापडण्याआधी हे गाव त्या डब्यांवर जगत होतं.

तुमची सफर कोपनहेगनहून निघत असेल तर एक दिवस आधी पोचा. बाल्टिककडे वळणारी असेल तर स्टॉकहोमचं वासा जहाज बघितल्याशिवाय परतू नका. १० ऑगस्ट १६२८ ला पहिल्याच सफरीवर निघालं आणि दीड किलोमीटरही न जाता बुडालं. १९६१ मध्ये वर काढलं. जहाजावरून उतरून एका बुडालेल्या जहाजापुढे उभं राहायला विचित्र वाटतं खरं.

प्रश्न: मी कॉलेजात आहे. मला एकाच सफरीत मध्यरात्रीचा सूर्य आणि उत्तर ध्रुवीय प्रकाश दोन्ही बघायचे आहेत. कुठला महिना?

उत्तर: कुठलाच नाही. सूर्य मावळत नाही तेव्हा आकाश काळं होत नाही, आणि आकाश काळं झाल्याशिवाय तो हिरवा प्रकाश दिसत नाही. नॉर्डकापला सूर्य मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मावळत नाही. प्रकाश बघायला सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत ट्रॉम्सोच्या बाजूला जा. आणि लक्षात ठेव, बर्गन किंवा गाइरांगर आर्क्टिक वृत्ताच्या बरंच खाली आहे. तिथं जूनमध्ये रात्र पुसट होते, पण सूर्य मावळतो.

तुझ्या वयाला मी मोठं पर्यटक जहाज सुचवणार नाही. हुर्टिग्रूटन बघ. बर्गनहून कीर्केनेसपर्यंत जाणारी ही किनारी बोटसेवा १८९३ पासून चालू आहे. जाताना-येताना मिळून बारा दिवस, ३४ बंदरं, त्यांतली काही मध्यरात्री, काही फक्त पंधरा-वीस मिनिटांची. गावातली माणसं, मालाच्या पेट्या, सगळं त्यातूनच. पूर्ण फेरी परवडत नसेल तर दोन-तीन बंदरांपुरतंच तिकीट काढता येतं.

प्रश्न: व्हिसा एकच लागतो ना? जहाज इंग्लंडमधून सुटतं.

उत्तर: इथंच लोक फसतात. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. जहाज साउदॅम्पटनहून सुटत असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि शेंगेन वेगळा, दोन्ही लागतील. वाटेत स्कॉटलंडचं एखादं बंदर असेल तर तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून परत आत येता, तेव्हा अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा. फेरो बेटं डेन्मार्कची असली तरी शेंगेनमध्ये नाहीत. स्वालबार्डही नाही, जरी ते नॉर्वेचं आहे. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस, त्याच्याकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर जिथून पहिला प्रवेश, त्याच्याकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. शुल्क ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा. ‘खाली उतरणार नाही, जहाजावरच बसेन’ हे कारण बहुतेक जहाज कंपन्या ऐकून घेत नाहीत. सुटण्याच्या बंदरावरच परत पाठवतात. मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि ते दृश्य काही चांगलं नसतं.

पैशांचं थोडक्यात: नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन, तिघांच्याही चलनाचं नाव क्रोनच्या घरातलं आहे, पण ती तीन वेगळी चलनं आहेत. रोख फारशी नेऊ नका, कार्ड स्वच्छतागृहाच्या दारावरसुद्धा चालतं.

प्रश्न: उत्तर समुद्रात बोट लागते का?

उत्तर: उत्तर समुद्रात लागू शकते, फियॉर्डात नाही. फियॉर्डाचं पाणी डोंगरांच्या आडोशाला असतं. केबिन मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथं हेलकावा कमी. गोळी मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची असते, नंतर उपयोग कमी. कुठली घ्यायची ते डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: जहाज खरंच कुणाला सोडून जातं का?

उत्तर: मला गेलं होतं. तिसरा उन्हाळा, ओलेसुंड. इंग्लंडहून निघालेलं जहाज. जहाजाचं घड्याळ इंग्लंडच्या वेळेवर की नॉर्वेच्या, यात एक तासाचा फरक आहे. मोबाइल किनाऱ्याला लागला की आपोआप स्थानिक वेळ दाखवतो. त्या सफरीत कॅप्टननं घड्याळ बदललं होतं आणि माझ्या मनगटावरचं बदललेलं नव्हतं. मला वाटलं, तास आहे अजून. आक्सलाच्या पायऱ्या उतरताना मी माझंच जहाज धक्क्यावरून मागे सरकताना पाहिलं. इतरांना रोज ‘जहाजाची वेळ बघा’ म्हणून सांगणारी मी! बंदरातल्या एजंटाकडे पासपोर्ट ठेवलेला होता, तेवढी व्यवस्था सगळीकडे असते. रात्री किनारी बोट पकडली, केबिन नव्हती, बैठकीच्या खोलीत कोट पांघरून बसले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बर्गनला माझं जहाज गाठलं. पर्यवेक्षक काय म्हणाले ते छापण्यासारखं नाही.

जहाजानं स्वतः नेलेल्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. तुम्ही स्वतः फिरत असाल तर सुटण्याच्या तासभर आधी धक्क्यावर असा, आणि उतरताना गँगवेजवळच्या फलकावर लिहिलेली वेळ तुमच्या मोबाइलशी ताडून बघा.

प्रश्न: गाइरांगरजवळचा डोंगर कोसळणार आहे असं ऐकलं. मग तिथं जावं का? आणि एवढी मोठी जहाजं तिथं धूर ओकतात, ते बरोबर आहे का?

उत्तर: डोंगराचं नाव ओकर्नेसेट. तो गाइरांगरच्या वाटेवर आहे, त्याला भेग आहे, आणि ती वर्षाला काही सेंटिमीटर रुंदावते. हे अफवा म्हणून उडवू नका. ७ एप्रिल १९३४ ला शेजारच्या ताफियॉर्डात कडा पाण्यात कोसळला आणि लाटांनी ४० माणसं नेली. म्हणूनच ओकर्नेसेटवर रडार, जीपीएस, भेगांत बसवलेली उपकरणं असा चोवीस तास पहारा आहे. एवढा मोठा कडा सुटण्याआधी त्याची गती वाढत जाते, तेव्हा गावं रिकामी करायला वेळ मिळेल असा तिथल्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. गावातली दोन-अडीचशे माणसं हे जाणून तिथं राहतात. तुमचा मुक्काम एका दिवसाचा.

धुराबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. वारा पडलेल्या सकाळी तीन जहाजांचा निळसर थर दरीत अडकून बसलेला मी पाहिला आहे. गाइरांगर आणि नॅरॉय २००५ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. नॉर्वेनं आता नियम केला आहे: वारसा फियॉर्डांत १०,००० टनांखालच्या प्रवासी जहाजांना २०२६ पासून आणि त्याहून मोठ्यांना २०३२ पासून शून्य उत्सर्जनाची अट. माझ्या जुन्या सहकाऱ्यांना हा नियम आवडलेला नाही. मला आवडला. मोठ्या जहाजातून बघायचं राहिलं म्हणून हळहळू नका, छोट्या विजेच्या बोटीतून तोच डोंगर अधिक उंच दिसतो.

प्रश्न: बर्गनला आम्ही सहा तास होतो आणि सहाही तास पाऊस. जहाज कंपनीकडे तक्रार केली, उत्तर नाही. पैसे परत मिळवण्याचा मार्ग सांगा.

उत्तर: बर्गनमध्ये वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. समुद्रावरून आलेले ढग गावाभोवतीच्या डोंगरांना अडतात आणि रिकामे होतात. मे-जून त्यातल्या त्यात कोरडे. कंपनीचं माहीत नाही, पण पावसाकडे तक्रार करायची तर रांग मोठी आहे. छत्री वाऱ्यात उलटते, टोपीचं जाकीट घ्यायचं होतं.

प्रश्न: मागच्या वर्षी तुमचा सल्ला वाचून पाचला उठलो. दोघंही पुढच्या डेकवर थंडीत कुडकुडत उभे. गाइरांगरमध्ये नुसतं धुकं! सात बहिणी तर सोडाच, जहाजाचं नाकही दिसत नव्हतं. खाली जाऊन झोपलो. आता काय म्हणाल?

उत्तर: धुकं असतं कधीकधी, मान्य. माझ्या कितीतरी सकाळी तशाच गेल्या. पण जहाज आत गेलं तसंच त्याच वाटेनं बाहेरही आलं असणार. गाइरांगरहून सुटायची वेळ बहुधा संध्याकाळी पाच-सहाची असते, तोवर धुकं बऱ्याचदा उचललेलं असतं आणि बहिणी या खेपेला उजवीकडे येतात. त्या संध्याकाळबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही. जेवणाच्या पहिल्या पाळीला गेला होतात का?